डॉसन सिटी (क्लोंडाइक) नेमकं कुठं आहे? सोन्यापायी गाव कसं उभं राहिलं आणि कसं ओसरलं?

खानापूरकर_विटा (प्रश्न)

राम राम मंडळी. विट्यातल्या एका वाचनालयासाठी मोठा भिंततक्ता करतोय. वाचणारी पोरं आठवी ते दहावीची, निम्म्या घरांत गलाईचा धंदा. कुणाचा काका कोइमतूरला, कुणाचा मामा बनारसला मुशीपुढं बसलेला. सोनं कसं आटवतात हे त्यांना शिकवायची गरज नाही. पण सोनं जमिनीतून निघतं तेव्हा त्याच्याभोवती गाव कसं उगवतं आणि कसं रिकामं होतं, ते दाखवायचंय. त्यासाठी डॉसन सिटी घेतलंय.

अडचण अशी की एका कात्रणात गाव अलास्कात आहे, दुसऱ्यात कॅनडात, तिसऱ्यात नकाशावर 'डॉसन क्रीक' दाखवलंय. सालांचाही मेळ बसत नाही. कुठं सोनं १८९६ ला सापडलं, कुठं १८९७, कुठं १८९८. जाणकारांनी जागा, साल आणि कारणं नीट लावून द्यावीत. मोघम नको, तक्त्यावर छापायचंय.

---

नकाशेवाला_सातारा

विटेकर, तुमच्या तिन्ही कात्रणांत थोडं थोडं खरं आहे, म्हणूनच घोळ होतो.

डॉसन सिटी कॅनडात, युकॉन प्रांतात. अक्षांश ६४ अंश ४ मिनिटे उत्तर, रेखांश १३९ अंश २५ मिनिटे पश्चिम. उत्तर ध्रुववृत्त तिथून सुमारे २८० किलोमीटरवर. अलास्काची हद्द रस्त्यानं शंभर किलोमीटरच्या आसपास, आणि १८९८ ची बहुतेक गर्दी अलास्काच्याच बंदरांत उतरून गेली, म्हणून 'अलास्काचं सोनं' असं लिहायची खोड लागली. तक्त्यावरचा अलास्का खोडा. वाट म्हणून दाखवा, पत्ता म्हणून नको.

डॉसन क्रीक हे निराळं गाव, ब्रिटिश कोलंबियात. तिथून अलास्का हायवे सुरू होतो. दोन्ही गावांना नाव एकाच माणसाचं, जॉर्ज मर्सर डॉसन या कॅनडाच्या भूगर्भशास्त्रज्ञाचं. पण एका डॉसनहून दुसऱ्या डॉसनला रस्त्यानं जायचं तर जवळपास दोन हजार किलोमीटर पडतात.

आता जागेची खूण. युकॉन ही मोठी नदी, क्लोंडाइक ही तिला पूर्वेकडून मिळणारी. संगमाच्या उजव्या काठावर चिखलवट, दलदलीचा सपाट तुकडा आहे, त्यावर गाव. मागं डोंगर, आणि डोंगराच्या अंगावर जुन्या दरडीचा मोठा पांढुरका व्रण. नावेतून येणाऱ्याला तो व्रण दिसला की डॉसन आलं म्हणून समजायचं. आपल्याकडं संगम म्हटला की माहुलीसारखे घाट आणि देवळं डोळ्यांपुढं येतात. तिथं गुडघाभर चिखल होता.

एक गोष्ट तक्त्यात ठळक करा: गावाच्या खाली सोनं नव्हतं. सोनं ओढ्यांत होतं. क्लोंडाइक नदीत संगमाच्या थोडं वर बोनान्झा नावाचा ओढा मिळतो, आणि पहिलं सोनं सापडलं ती जागा त्या ओढ्यानं पंधरा किलोमीटरच्या आसपास वर आहे. त्याला मिळणारा एल्डोरॅडो हा उपओढा आकारानं किरकोळ, पण श्रीमंती त्याचीच जास्त. डॉसन ही नुसती बाजारपेठ, होड्या लागतील अशा काठावर बसलेली. विट्यात तरी कुठं सोन्याची खाण आहे?

---

कृष्णाकाठ_सांगली

सालांचा घोळ सोडवतो. चार निरनिराळ्या घटना आहेत आणि प्रत्येक कात्रणानं त्यातली एकच उचललीय.

ऑगस्ट १८९६: सोनं सापडलं. १६ तारखेला रॅबिट क्रीक या ओढ्यात. तिथं होते जॉर्ज कार्मॅक, त्याची बायको केट, तिचा भाऊ स्कूकम जिम आणि भाचा डॉसन चार्ली. कार्मॅक सोडला तर बाकीचे टॅगिश आदिवासी. पहिला तुकडा नक्की कुणाच्या हाती लागला यावर वाद आहे, पण शोधाचा पट्टा (सोनं काढायला नावावर नोंदवलेला जमिनीचा तुकडा) कार्मॅकच्या नावावर गेला. आदिवासीच्या नावानं मांडला तर बाकीचे खाणकरी मानणार नाहीत, असं त्याचं म्हणणं. १७ तारखेला खुंट ठोकून पट्टे मांडले. ओढ्याचं नाव लगेच बदलून बोनान्झा झालं.

जुलै १८९७: बाहेरच्या जगाला कळलं. मधले अकरा महिने बातमी तिथंच अडकली, कारण नदी गोठलेली. बर्फ सुटल्यावर सोनं घेऊन निघालेल्यांपैकी काही 'एक्सेलसियर' बोटीनं सॅन फ्रान्सिस्कोला पोचले आणि १७ जुलैला 'पोर्टलंड' सिएटलला लागली. बंदरावर गर्दी उसळली ती तेव्हा. घरदार सोडून निघालेल्यांचा आकडा लाखभर धरतात. पोचले त्यातले तीस-चाळीस हजार.

जून १८९८: गर्दी डॉसनला पोचली. मे अखेरीस वरच्या तळ्यांचं बर्फ फुटलं आणि सात हजारांहून जास्त होड्या एकदम खाली सुटल्या. कामाच्या ओढ्यांवर तोवर इंचभर जागा मोकळी नव्हती. सोनं सापडून पावणेदोन वर्षं झाली होती, चांगले पट्टे आधीपासून युकॉनमध्ये असलेल्यांनी १८९६ च्या शरदातच मांडून टाकलेले. आलेले बहुतेक जण एक तर दुसऱ्याच्या पट्ट्यावर मजुरीला लागले, नाहीतर सामान विकून परत फिरले.

उन्हाळा १८९९: ओहोटी. अलास्काच्या किनाऱ्यावर नोम इथं सोनं लागल्याची बातमी आली आणि हजारो लोक बोटी धरून निघाले.

म्हणजे गाव तुडुंब भरलेलं असं फार तर वर्षभर. आणि गंमत बघा, सोन्याचं सगळ्यात मोठं उत्पन्न १९०० साली निघालं, गर्दी गेल्यावर.

गाव वसवलं जो लाड्यू नावाच्या व्यापाऱ्यानं. सोन्याची कुणकुण लागताच त्यानं ओढ्यावर पट्टा मांडला नाही, संगमावरची दलदल स्वतःच्या नावावर मागितली आणि आपली लाकूड कापायची गिरणी तिथं आणून बसवली. जो कुणी येईल त्याला आधी घराला फळ्या लागणार आणि सोनं धुवायच्या पन्हळीलाही फळ्याच लागणार, हे त्यानं बरोबर हेरलं. सुरुवातीला पाच-पंचवीस डॉलरला दिलेले प्लॉट वर्ष-दोन वर्षांत हजारोंत गेले.

ज्यांची जागा गेली त्यांचाही उल्लेख हवा. संगमावर ट्रॉन्डेक ह्वेचिन लोकांचा साल्मन मासे धरायचा जुना तळ होता. 'ट्रॉन्डेक' याच शब्दाचं गोऱ्यांच्या तोंडी 'क्लोंडाइक' झालं. मासे अडवायचे खुंट दगडी हातोड्यानं ठोकायचे, त्यावरून ते नाव. त्यांचा प्रमुख आयझॅक यानं १८९७ मध्ये आपल्या लोकांना पाचेक किलोमीटर खाली मूसहाइडला नेलं. २०२३ मध्ये युनेस्कोनं हा परिसर जागतिक वारसा यादीत घेतला तो 'ट्रॉन्डेक-क्लोंडाइक' या जोडनावानं.

---

माणदेशी_दहिवडी

वर 'तीस-चाळीस हजार पोचले' म्हटलंय ते ठीक, पण त्यावरून डॉसन गावाची वस्ती तीस हजार लिहू नका. तो आकडा गाव आणि भोवतालचे सगळे ओढे मिळून धरतात. गावठाणात त्याहून बरीच कमी माणसं, तीही रोज बदलणारी. १९०२ मध्ये रीतसर नगरपालिका झाली तेव्हा वस्ती पाच हजारांच्या आत आली होती. आज दीड हजाराच्या आसपास.

वाटेबद्दल एक चौकट जरूर द्या, पोरांना ती आवडेल. डाय या बंदरापासून चिलकूट खिंडीतून बेनेट तळ्यापर्यंत ५३ किलोमीटर. खिंडीची उंची जेमतेम १,०७० मीटर, महाबळेश्वरपेक्षा कमी. दम उंचीनं काढला नाही, खेपांनी काढला. १८९७ च्या हिवाळ्यात डॉसनला धान्य संपत आलं, नदीला पाणी कमी म्हणून बोटी अडकल्या. त्यानंतर कॅनडाच्या घोडदळ पोलिसांनी खिंडीच्या माथ्यावर नाकं बसवलं: वर्षभराची शिधासामग्री असेल तरच आत. अवजारं, तंबू, चूल धरून हे ओझं माणशी सुमारे ९०० किलो भरायचं. एका प्रचलित यादीत पीठ १८० किलो, खारवलेलं डुकराचं मांस जवळपास ७० किलो, घेवड्याचे दाणे ५५ किलो, सुका मेवा ३४ किलो असं होतं. पाठीवर एका वेळी पंचवीस-तीस किलो घेतलं तर तीसेक खेपा होतात, आणि प्रत्येक खेपेला तेवढंच रिकामं परत यायचं. ५३ किलोमीटरची वाट अशी तीन हजार किलोमीटरच्या वर जायची. शेवटच्या चढावर बर्फात पंधराशे पायऱ्या खोदलेल्या. रांगेतून एकदा बाजूला झालं की परत शिरायला तासन्तास जायचे.

शेजारची व्हाइट पास ही खिंड सोपी म्हणून घोडे घेऊन गेले, तिथं तीनेक हजार घोडी चिखलात-कड्यात मेली. त्याच खिंडीतून नंतर अरुंद रुळांची रेल्वे काढली. ती १९०० मध्ये व्हाइटहॉर्सपर्यंत पूर्ण झाली. गर्दी सरल्यावर सोय झाली, हे आपल्याकडच्या रस्त्यांसारखंच.

---

खानापूरकर_विटा

सगळ्यांचे आभार, निम्मा तक्ता इथंच तयार झाला. आता पोरं पहिला प्रश्न काय विचारणार ते मला माहिताय: माल किती टंच होता? आणि गोठलेल्या जमिनीतून काढला कसा? शिवाय समोर करून दाखवता येईल असं काही असेल तर सांगा. येरळेची वाळू दारातच आहे.

---

मूस_टंकणखार_आटपाडी

टंचाचं आधी. क्लोंडाइकचा कच्चा माल साधारण ७५ ते ८५ टंच (शंभर भागांत तेवढं शुद्ध सोनं), ओढ्याओढ्याप्रमाणे फरक. उरलेल्यात बहुतेक चांदी. त्या वेळी शुद्ध सोन्याचा सरकारी भाव औंसाला २०.६७ डॉलर. हा औंस ३१.१ ग्रॅमचा, ११.६६ ग्रॅमच्या जुन्या तोळ्याच्या हिशोबानं पावणेतीन तोळ्यांना थोडा कमी. ८० टंच धरलं तर औंसाला साडेसोळा डॉलर बसतात, आणि डॉसनच्या दुकानांत सोन्याची भुकटी औंसाला १६ डॉलर या दरानंच नाण्यासारखी चालायची. तोळ्याला बरोबर ६ डॉलर. पोरांना हे गणित सोडवायला द्या.

पण हाच दर डोकेदुखी झाला. दर ठरलेला आणि माल प्रत्येकाचा निराळा. ८५ टंचवाला आपला माल जपून ठेवायचा आणि हलका माल बाजारात सोडायचा. वर त्यात काळी वाळू राहिलेली, कुणी पितळेचा कीस मिसळलेला. म्हणून बँकांनी बाजारातली भुकटी घेताना दर पाडला आणि चोख मालाला आटवून, कस लावून निराळा दर दिला. १८९८ मध्ये तिथं दोन बँका आल्या, त्यांचं मुख्य काम हेच. काट्यावर सांडलेली भुकटी भुशात पडायची आणि दारूच्या गुत्त्यांतला भुसा धुऊन पोरं पैसे करायची. आपल्याकडं सराफ कट्ट्यावरची माती धुणारे झारेकरी तेच करतात. हे चित्र तक्त्यात घ्याच.

आता माल काढायचा कसा. तिथली जमीन बारमाही गोठलेली. वर कुजक्या पाल्याचा काळा चिखल, त्याखाली खडीवाळू, त्याखाली कातळ. सोनं जड, त्यामुळे लाखो वर्षांत ते खडीतून खाली सरकत कातळावर आणि कातळाच्या फटींत बसलेलं. खोली कुठं तीन मीटर, कुठं दहा मीटर. वरच्या खडीत घमेलंभर माती धुऊन काही मिळालं नाही म्हणून पट्टा सोडणारे फसले; कातळ लागेपर्यंत काहीच कळत नाही.

काम हिवाळ्यात चालायचं. माणूसभर रुंद जागेत लाकडं रचून जाळ करायचा, रात्रभर धुमसू द्यायचा, सकाळी राख काढून मऊ झालेली माती उपसायची. एका जाळात फार तर एक फूट जमीन सुटते. सहा मीटर जायचं तर वीस-बावीस जाळ. कातळ लागला की आडवं बोगद्यासारखं सरकायचं, तिथंही जाळच. माती रहाटानं वर ओढून ढीग करायचा. ढीग लगेच पुन्हा गोठून दगड होतो, तो वसंतात पाणी सुटल्यावर धुवायचा. म्हणजे सहा महिने माती काढायची आणि आत किती सोनं आहे ते उन्हाळ्यात समजायचं. मधे मधे घमेलंभर माती शेकोटीवर वितळवून धुऊन बघणं, एवढाच अंदाज.

उन्हाळ्यात का खणत नव्हते? गोठलेली भिंत स्वतःच टेका असते, लाकडी आधार लागत नाही. उन्हाळ्यात तीच भिंत सुटते, पाणी भरतं, खड्डा बसतो. आणि हिवाळ्यात धोका धुराचा. जाळ विझल्यावर खाली विषारी वायू साठलेला असतो. घाईनं उतरलेला माणूस तिथंच पडायचा. लाकूडतोडीनं टेकड्या बोडक्या झाल्या, मग वाफेच्या पोकळ सळया जमिनीत ठोकून वितळवायची पद्धत आली.

धुवायला पन्हळ. बारा फूट लांब फळ्यांची पेटी, अशा चार-सहा जोडलेल्या, तळाशी आडव्या पट्ट्या. उतार फुटाला एक इंच या मानानं. उतार वाढला तर बारीक सोनं पाण्याबरोबर जातं. कमी पडला तर पट्ट्यांमागं वाळू घट्ट बसते आणि सोन्याला थांबायला जागा उरत नाही. चिकणमातीचा गोळा न फोडता टाकला तर तो गडगडत जाताना पट्ट्यांतलं सोनं स्वतःला चिकटवून घेऊन बाहेर पडतो. सगळ्यात जास्त नुकसान त्या गोळ्यांनी केलं. बारीक भुकटी धरायला काही जण पट्ट्यांमागं पारा घालत. त्याचे दुष्परिणाम आपल्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहेत. पोरांपुढं पाऱ्याचा प्रयोग चुकूनही नको.

---

नकाशेवाला_सातारा

मूस भाऊंनी छान लिहिलंय, पट्ट्याच्या मापाची भर घालतो. सुरुवातीच्या नियमात ओढ्याच्या लांबीवर माणशी ५०० फूट, रुंदीला दोन्ही बाजूंच्या टेकडीपर्यंत. शोध लावणाऱ्याला दुप्पट. शोधाच्या पट्ट्यापासून वर 'एक वर, दोन वर' आणि खाली 'एक खाली, दोन खाली' असे आकडे. खाणकऱ्याचा परवाना १० डॉलर, पट्ट्याची नोंद १५ डॉलर.

खुंट दोरीनं, पावलांनी ठोकलेले, त्यामुळे मापं चुकलेली. विल्यम ओगिल्व्ही या सरकारी मोजणीदारानं १८९७ च्या सुरुवातीला फेरमोजणी केली तेव्हा काही पट्टे ५०० फुटांपेक्षा जास्त निघाले. जास्तीचा तुकडा मोकळा, मागेल त्याचा. बोनान्झावर असाच ८६ फुटांचा एक तुकडा डिक लो या त्याच्याच हाताखालच्या माणसानं घेतला. एवढ्याशा पट्टीत काय निघणार म्हणून त्यानं तो विकायला काढला, गिऱ्हाईक मिळालं नाही. सबंध क्लोंडाइकमध्ये फुटामागं सगळ्यात जास्त सोनं निघालेल्या जागांत त्याची गणना होते. गुंठ्यातुकड्यांवरून भांडणाऱ्यांच्या जिल्ह्यात हे उदाहरण समजावून सांगावं लागणार नाही.

सरकारनं एकूण उत्पन्नावर १० टक्के कर लावला. खर्च वजा न करता, हे महत्त्वाचं. खडतर पट्टेवाल्यांचा त्यावर फार राग होता आणि शेवटी १९०२ मध्ये तो अडीच टक्क्यांवर आला.

आणखी एक: टेकड्यांवर सोनं असूच शकत नाही, असं जुनेजाणते सांगत. नवख्या लोकांनी, ओढ्यात जागा नाही म्हणून, वर खणलं आणि प्राचीन नदीच्या पांढऱ्या खडीचा थर लागला, भरपूर सोन्यासकट. त्या टेकडीला 'चीचाको हिल' म्हणतात. चीचाको म्हणजे नवखा. जुन्यांचं चुकलं कारण त्यांनी आजचा ओढा पाहिला, जुनी नदी कुठून वाहत होती ते पाहिलं नाही.

हा सगळा माल जागेवर का टिकला तेही लिहा: हिमयुगात उत्तर अमेरिकेचा बहुतेक उत्तर भाग बर्फाखाली खरवडला गेला, हा पट्टा त्यातून सुटला.

---

मूस_टंकणखार_आटपाडी

येरळेच्या वाळूचा प्रयोग सांगतो. आधी एक स्पष्ट करा: आपली जमीन लाव्हारसाच्या काळ्या दगडाची, तिच्यात सोन्याच्या शिरा नाहीत. तक्ता लागल्यावर उद्या कुणी नदीत खड्डे काढायला नको.

पण काळी लोहवाळू भरपूर आहे आणि क्लोंडाइकच्या घमेल्यात शेवटी सोन्याबरोबर तीच उरायची. म्हणून प्रयोग खरा वाटतो.

पसरट लोखंडी घमेलं घ्या. नवं असेल तर तेलकट असतं. राखेनं घासून, चुलीवर चटका देऊन गार करा. तेल राहिलं तर बारीक कण पाण्यावर तरंगून निघून जातात. तीन किलो वाळू, त्यात मोजून दहा पितळेचे कण, तुरीच्या डाळीएवढे. शिसं नको, पोरं हात तोंडाला लावतात. टबात पाणी, घमेलं पाण्याखाली बुडेल एवढं.

आधी हातानं ढेकळं फोडा, गोटे काढून टाका. मग घमेलं पाण्याखाली धरून डावी-उजवीकडं झपझप हलवा, वीसेक वेळा. जड कण तळाला बसतात ते इथंच. गोल फिरवत बसणं दिसायला छान, पण आधी हलवलं नाही तर पितळ वरच राहतं. मग पुढची कड थोडी खाली करून वरची हलकी वाळू पाण्याबरोबर जाऊ द्या. चार-पाच लाटा गेल्या की पुन्हा सरळ करून हलवा. हे दहा-पंधरा वेळा. बहुतेक जण तिसऱ्या-चौथ्या वेळेलाच कंटाळून कड जास्त वाकवतात आणि पितळ टबात जातं.

शेवटी मूठभर काळी वाळू राहील. ती वाळवा, लोहचुंबक कागदात गुंडाळून वरून फिरवा. कागद नसेल तर काळे कण चुंबकाला कायमचे चिकटतात. उरलेल्यात पितळ मोजा. दहापैकी आठ आले तर हात बसला म्हणायचं. पितळ पाण्याच्या साडेआठपट जड, क्लोंडाइकचं कच्चं सोनं सोळापटीच्या आसपास. म्हणजे पितळ सांभाळता आलं तर सोनं सुटणार नाही.

टबातली वाळू फेकू नका. पुन्हा धुवून राहिलेले कण शोधायला लावा.

---

कोरेगावकर_खनिज

आपल्याकडचा एक कोपरा तक्त्यात ठेवा. कोलार म्हणजे 'गोल्ड रश'चं गाव असं बरेच जण लिहितात. तिथं सोनं दगडाच्या शिरेत होतं, घमेलं घेऊन आलेल्या एकट्या माणसाच्या आवाक्याबाहेर. १८८० नंतर जॉन टेलर कंपनीनं भांडवल, यंत्रं आणि खोल खाणी आणल्या, १९०२ मध्ये शिवनसमुद्रहून वीज आली, आणि खाणी २८ फेब्रुवारी २००१ ला बंद होईपर्यंत कंपनीचंच गाव राहिलं. डॉसनशी खरी तुलना करायची तर नीलगिरीतल्या पांडलूर-देवाला भागाची. १८७९ ते १८८१ या काळात लंडनला धडाधड कंपन्या निघाल्या, बंगले आणि यंत्रं उभी राहिली, पण दगडात सोन्याचं प्रमाण एवढं थोडं की खर्चही निघेना. पुढं तिथं चहा राहिला.

---

कृष्णाकाठ_सांगली

गाव ओसरल्यावरचं सांगायचं राहिलं.

एक म्हणजे आग. लाकडी घरं, ओंडक्यांवर तापलेल्या पत्र्याच्या चुली, आणि हिवाळ्यात उणे चाळीसला पाण्याचे पाईप गोठलेले. एप्रिल १८९९ च्या आगीत ११७ इमारती गेल्या. दलदलीमुळे आधीच्या उन्हाळ्यात विषमज्वराची साथ आली होती.

दुसरं म्हणजे यंत्र. माणसं गेल्यावर कंपन्यांनी पट्टे एकत्र विकत घेतले आणि ड्रेज आणल्या: तरंगती इमारत, पुढं लोखंडी बादल्यांची माळ. ती स्वतः खणलेल्या तळ्यात तरंगत पुढं सरकते, समोरची खडी खाते आणि धुतलेला दगड मागं टाकते. 'ड्रेज नंबर ४' ही आठ मजली उंच, १९१३ मध्ये सुरू झाली, १९५९ च्या सुमारास थांबली, आजही बोनान्झा ओढ्यात उभी आहे. तिच्या मागच्या दगडांच्या रांगा वरून पाहिल्या तर गांडुळाच्या विष्ठेसारख्या वळणावळणाच्या दिसतात. तक्त्यासाठी एकच फोटो परवडत असेल तर तो घ्या, पायऱ्यांवरच्या माणसांच्या रांगेचा सगळीकडं असतो.

युकॉनच्या राजधानीचा मान डॉसनला १८९८ ते १९५३, नंतर तो व्हाइटहॉर्सला गेला. रस्ता तिकडं, म्हणून कचेऱ्याही तिकडं.

आणि घरं वाकडी का, हे पोरं फोटो बघून विचारतील. घरात चूल पेटली की खालची गोठलेली जमीन सुटते, पाया एका बाजूनं बसतो. तिसऱ्या ॲव्हेन्यूवर अशी जुनी घरं एकमेकांवर रेलून उभी आहेत. नवीन घर बांधताना खाली खडीचा जाड थर आणि त्यावर लाकडी ठोकळे रचतात, म्हणजे मधून गार हवा खेळते आणि जमीन गोठलेली राहते. एखादा कोपरा बसलाच तर जॅक लावून उचलतात आणि ठोकळा बदलतात.

---

खानापूरकर_विटा

ड्रेजचाच फोटो घेतो. कृष्णाकाठ काका, पायाची आकृतीही टाकतो, उभा छेद काढून. मूस दादा, एक शंका: घमेल्याला चटका दिल्यावर गंज धरेल की, तो चालतो का?

---

मूस_टंकणखार_आटपाडी

चालतो, उलट बरा. किंचित गंजलेल्या खरबरीत तळाला बारीक कण घट्ट बसतात. जाड पापुद्रे सुटायला लागले तरच काथ्यानं घासा, नाहीतर चुंबकाला काळ्या वाळूबरोबर गंजही चिकटेल आणि पोरांची मोजणी चुकेल.